विमानांचें उतारवय आणि मालाची प्रतिष्ठा

दळणवळणाच्या साधनांचा धडा चालू असतां आमच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें आम्हांस एक प्रश्न विचारला. आगगाडी, आगबोट, मोटार आणि विमान यांची माहिती सांगून झाली होती. तेव्हां तो उभा राहून म्हणाला, "सर, होडी जुनी झाली म्हणजे ती मोडतात व तिचें लाकूड चुलीला जातें, हें आम्हीं मिरकरवाड्याच्या बंदरावर पाहिलें आहे. पण विमान जुनें झालें म्हणजे त्याचें काय करतात?" आम्हीं उत्तर दिलें, "कांहीं मोडतात. पण पुष्कळांतील खुर्च्या काढून टाकतात आणि त्यांत उतारूंऐवजीं माल भरतात." हें ऐकतांच मागच्या बाकावरून दुसरा एक विद्यार्थी म्हणाला, "म्हणजे साहेबी गेली आणि हमाली आली!" वर्ग हसला, आम्हीही हसलों. परंतु घरीं गेल्यावर तें वाक्य आमच्या मनांतून जाईना. माल वाहणें म्हणजे शिक्षा, माल वाहणें म्हणजे खालची पायरी, ही समजूत त्या मुलानें कोठून आणली? ती त्याची एकट्याची नाहीं. ती आपणां सर्वांची आहे. ती चुकीची आहे, इतकेंच नव्हे तर घातक आहे, असें आमचें मत आहे. तेंच या लेखांत विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम, चांगलीं चालणारीं विमानें कंपन्या विकतात कां, तें पाहूं. उतारूंचें विमान पंधरा-वीस वर्षांचें झालें म्हणजे तें उडण्यास अपात्र होतें असें नाहीं. पण त्याची देखभाल उत्तरोत्तर महाग होत जाते. मोठ्या तपासणीच्या वेळीं त्याचे भाग सोडवून आंतबाहेर पाहावे लागतात, आणि तितके दिवस तें जमिनीवर बसून राहतें. शिवाय नव्या विमानांचीं एंजिनें कमी इंधन पितात. एअरबस कंपनीच्या ए-३२० विमानाची 'निओ' ही जी नवी आवृत्ति निघाली, तिला जुन्या विमानापेक्षां शेंकडा पंधरा ते वीस इतकें इंधन कमी लागतें. उतारूंचें विमान दिवसाकाठीं दहा-बारा तास उडत असतें; तेव्हां तासागणिक वांचलेल्या इंधनाची वर्षाअखेर मोठी रक्कम होते. म्हणून कंपनी जुनें विमान विकते व नवें घेते.

माल नेणाऱ्या कंपनीचा हिशेब याच्या उलट असतो. तिचें विमान बहुधा रात्रीं निघतें, थोड्या फेऱ्या करतें आणि दिवसाचा पुष्कळसा वेळ उभें असतें. जें थोडा वेळच उडणार, त्याला इंधन कांहींसें जास्त लागलें तरी चालतें. परंतु जें पुष्कळ वेळ उभें राहणार, त्याच्या खरेदींत फार मोठें भांडवल अडकवून चालत नाहीं. अशा रीतीनें जें एकाला परवडत नाहीं तेंच दुसऱ्याला परवडतें, आणि विमानाला आणखी दहा-पंधरा वर्षांचें आयुष्य मिळतें. व्यापाराचा हा साधा न्याय आहे. यांत विमानाचा अपमान कोठेंच नाहीं.

आतां हें रूपांतर म्हणजे खुर्च्या उपटून पोतीं भरणें, अशी कोणाची कल्पना असेल तर तीही सोडून द्यावी. खुर्च्या, शौचकूप, खाद्यपेयांची जागा, डोक्यावरचे कप्पे आणि आंतील अस्तर हें सर्व प्रथम काढून टाकतात. मग विमानाच्या डाव्या कुशीला, पंखाच्या पुढें, पत्रा कापून एक मोठा दरवाजा पाडतात. भिंतींत नवें दार पाडावयाचें तर वरच्या तुळईला आधार द्यावा लागतो, हें प्रत्येक गवंड्यास ठाऊक असतें. येथेंही तसेंच आहे. कापलेल्या भागाभोंवतालचा सांगाडा नव्यानें भक्कम करावा लागतो. माणसांचा भार विमानभर सारखा पसरलेला असतो, परंतु मालाचा भार एकेका ठिकाणीं एकवटतो. म्हणून जमिनीखालील तुळया मजबूत करतात. जमिनीवर लाटण्यांसारखे फिरते दांडे बसवितात. त्यांवरून पेटारे सहज आंत सरकतात, व जागेवर गेल्यावर त्यांना कुलुपें लागतात. वैमानिक व माल यांच्यामध्यें एक भिंत अथवा जाळें उभारतात. विमान एकाएकीं थांबलें तर मालाच्या वजनाच्या नऊपट जोर पुढें येईल, असें धरून ती भिंत बांधलेली असते. खिडक्या बंद होतात आणि धूर दाखविणारीं यंत्रें बसतात. या कामाला कित्येक महिने लागतात, व सरकारी तज्ज्ञांच्या मान्यतेवांचून तें करतां येत नाहीं. जर्मनींतील ड्रेस्डेन व आशियांतील सिंगापूर येथील कारखानदार मिळून एअरबस विमानांचें असें रूपांतर करतात. बोइंग विमानांचें इस्राएलमध्यें व इतरत्रही होतें. २०२३ सालीं बोइंग कंपनीनें हैदराबादच्या एका कारखान्याशीं याच कामाचा करार जाहीर केला. सारांश, ही हमाली शिकावयास त्या विमानाला आपला सांगाडाच बदलून घ्यावा लागतो.

आपल्या देशांत हा प्रकार नवा नाहीं. मुंबईच्या ब्ल्यू डार्ट या कंपनीनें १९९६ सालीं आपलीं मालवाहू विमानें सुरू केलीं, तीं बोइंग ७३७ जातीचीं होतीं. पुढें तिनें ७५७ जातीचीं, पूर्वीं उतारू नेलेलीं विमानें घेतलीं. बोइंगनें ७५७ बनविण्याचें काम २००४ सालीं थांबविलें. तरी त्या विमानांनीं त्यानंतर कित्येक वर्षें रात्रींच्या रात्रीं आपल्या शहरांचे टपालाचे थैले पोंचविले. एअर इंडियानेंही आपलीं कांहीं ए-३१० विमानें मालासाठीं बदलून घेतलीं होतीं. २०१८ सालीं स्पाइसजेटनें मालवाहू विमान उडविलें. २०२२ सालीं इंडिगोनें ए-३२१ जातीचें पहिलें मालवाहू विमान घेतलें. तेंही मूळचें उतारूंचें. त्यांत चोवीस पेटारे बसतात व सुमारें २७ टन माल जातो. आमच्या विद्यार्थ्यांस हा आंकडा समजावा म्हणून सांगतों: आंब्याची एक पेटी वीस किलोंची धरली, तर अशा विमानांत साडेतेराशें पेट्या होतात.

आणखी एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. २२ एप्रिल २०२४ रोजीं एअर इंडियाच्या शेवटच्या बोइंग ७४७ विमानानें मुंबई सोडली. १९७१ पासून त्या जातीच्या विमानांनीं आपल्या देशांतील हजारों लोकांना परदेशीं नेलें आणि आणलें. कोणाचा मुलगा शिकावयास गेला, कोणाची लेक सासरीं गेली, कोणाचे वडील नोकरीस गेले. त्या दिवशीं उड्डाणानंतर वैमानिकांनीं विमान किंचित् डावीकडे व किंचित् उजवीकडे झुकवून निरोप घेतला, तेव्हां पुष्कळांना वाईट वाटलें. तें विमान अमेरिकेंतील अशा एका कंपनीनें विकत घेतलें होतें, कीं जी जुनीं विमानें मालासाठीं बदलण्याचा अथवा त्यांचे सुटे भाग विकण्याचा धंदा करते. निरोपाचें वाईट वाटणें माणुसकीला धरून आहे. पण "शेवटीं राणीवर ही वेळ आली!" असा जो सूर त्या वेळीं ऐकूं आला, तो मात्र आम्हांस पटला नाहीं.

पटला नाहीं याचें कारण इतिहासांत आहे. आपल्या देशांत विमानानें पहिली सेवा कोणाची केली? माणसांची नव्हे, टपालाची. १८ फेब्रुवारी १९११ रोजीं आंरी पेके नांवाच्या फ्रेंच वैमानिकानें अलाहाबादेहून यमुनेच्या पलीकडे नैनीपर्यंत सुमारें साडेसहा हजार पत्रें नेलीं. पुढें १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून अहमदाबादमार्गें मुंबईस विमान आणून जुहूच्या मैदानावर उतरविलें. त्यांतही टपालच होतें. त्याच इवल्याशा टपाली सेवेंतून पुढें एअर इंडिया उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धांत डाकोटा विमानांनीं सैन्याचें सामान वाहिलें. युद्ध संपल्यावर बंगळूरच्या हिंदुस्थान विमान कारखान्यांत तींच दुरुस्त होऊन त्यांत उतारूंच्या खुर्च्या बसल्या. म्हणजे त्या काळीं रूपांतर उलट्या दिशेनें होत होतें, आणि तेव्हां कोणी त्याला बढती म्हटलें नाहीं. १९४९ सालीं रात्रींच्या हवाई टपालाची योजना सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघालेलीं विमानें मध्यरात्रीं आपल्या नागपुरास एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करीत, आणि पहांटेपर्यंत आपापल्या ठिकाणीं परतत. आपल्या आजोबा-पणजोबांना नोकरीच्या नेमणुकीचें, पोराच्या जन्माचें, आईच्या दुखण्याचें पत्र दुसऱ्या दिवशीं मिळालें, तें या मध्यरात्रींच्या मेहनतीमुळें. तेव्हां जुनें विमान माल वाहूं लागतें, तें खालीं उतरत नाहीं. तें आपल्या मूळच्या धर्माकडे परत जातें, असें आम्ही म्हणूं.

परंतु दूर कशाला जावें? हीच गोष्ट आपल्या रत्नागिरीच्या एसटी स्थानकावर घडली आहे. २०२० सालीं करोनाच्या सांथीमुळें सर्व देश बंद झाला. ऐन चैत्र-वैशाख, बागांत हापूस पिकलेला, अढ्या लागलेल्या, आणि मुंबईस जाणारा रस्ता मोकळा नाहीं. बागायतदारानें वर्षभर कर्ज काढून झाडांस खत घातलें, फवारण्या केल्या, राखण ठेवली; आणि फळ हातीं आलें तेव्हां तें न्यावयास गाडी नाहीं. त्याच वेळीं उतारू नसल्यामुळें एसटीच्या गाड्या आगारांत उभ्या होत्या. तेव्हां महामंडळानें जुन्या गाड्यांतील बांकें काढून त्यांत माल नेण्याचें ठरविलें, आणि मे महिन्यांत सुरू झालेल्या या सेवेच्या अगदीं पहिल्या गाड्यांपैकीं एक गाडी रत्नागिरीचे आंबे घेऊन मुंबईंत बोरिवलीस गेली. पुढें या मालवाहतुकीस 'महाकार्गो' असें नांव मिळालें. ज्या गाडींतून चाकरमानी गणपतीस येत, मुलें परीक्षेस जात, बायका माहेरीं जात, तीच गाडी आतां आंबे नेत होती. त्या दिवशीं तिचा दर्जा घसरला, असें ज्याच्या पेट्या तिच्यांत होत्या त्या बागायतदारास विचारून पाहावें. तो काय उत्तर देईल, तें आम्ही सांगावयास नको. आकाशांतही तेव्हां हेंच चाललें होतें. उतारूंच्या विमानांत खुर्च्यांवर खोकीं बांधून औषधें व वैद्यकीय साहित्य देशोदेशीं नेण्यांत आलें.

येथवर आम्हीं माल वाहण्याची थोरवी सांगितली. पण ही समजूत घातक आहे असें आम्हीं आरंभीं म्हटलें, तें कां, हें आतां सांगितलें पाहिजे. ज्या कामाला आपण हलकें मानतों, त्या कामांत आपण हयगय करतों. घरांत पाहुण्यांची बैठक रोज झाडतात. कोठीची खोली सणासुदीला झाडतात. "त्यांत माणसें थोडींच बसणार आहेत? मालच तर न्यावयाचा!" हा विचार विमानाच्या बाबतींत शिरला, तर तो प्राणावर बेततो.

विमानाचें वय केवळ वर्षांनीं मोजीत नाहींत. प्रत्येक उड्डाणांत आंतील हवेच्या दाबानें विमानाचें शरीर किंचित् फुगतें, आणि खालीं उतरल्यावर पुन्हां आकसतें. तार पुन्हां पुन्हां वांकविली म्हणजे जशी तुटते, तशी या फुगण्या-आकसण्यानें धातूला थकवा येऊन बारीक भेगा पडतात. २८ एप्रिल १९८८ रोजीं हवाई बेटांवर अलोहा कंपनीच्या एका बोइंग ७३७ विमानाच्या पुढच्या भागाचें छत आकाशांत उडून गेलें. विमान एकोणीस वर्षांचेंच होतें. परंतु बेटाबेटांमधील लहान फेऱ्या करून त्याचीं सुमारें नव्वद हजार उड्डाणें झालीं होतीं. वैमानिकांनीं तें शर्थीनें उतरविलें, तरी एका परिचारिकेचा प्राण गेलाच. चौकशींत असें कळलें कीं, विमानांत चढतांना एका बाईनें पत्र्यावरची भेग पाहिली होती. पण ती कोणाजवळ बोलली नाहीं. मुलांनो, एवढी एक गोष्ट या लेखांतून तुमच्या ध्यानांत राहिली तरी आम्हांस पुरे आहे. भेग दिसली कीं बोलावें. आपण लहान आहों, आपल्याला काय कळतें, असें म्हणून गप्प बसूं नये.

हें झालें उतारूंच्या विमानाचें. आतां मालवाहू विमानाचें पाहा. ४ नोव्हेंबर २०२५ रोजीं अमेरिकेंतील लुइव्हिल शहरीं एक मालवाहू विमान उड्डाण करीत असतां त्याचें डावें एंजिन निखळून पडलें आणि विमान धावपट्टीपलीकडील कारखान्यांवर कोसळलें. तें १९९१ सालीं बनलेलें, पूर्वीं उतारू नेलेलें व मागाहून मालासाठीं बदललेलें विमान होतें. प्राथमिक तपासांत, एंजिन धरून ठेवणाऱ्या भागांत थकव्याच्या भेगा आढळल्या. विमानांतील तिघेही कर्मचारी गेले; आणि ज्यांनीं त्या विमानांत कधीं पाऊलही टाकलें नव्हतें असे खालचे कित्येक लोकही मेले. मालाच्या विमानांत माणसें नसतात, हें म्हणणें किती खोटें आहे तें यावरून दिसतें. पुढें वैमानिक असतात आणि खालीं गांवें असतात. म्हणून जुन्या विमानाला दुसरें आयुष्य द्यावें, परंतु पहिल्या आयुष्याहून अधिक कडक तपासणीनें द्यावें. त्याला आदर दाखविण्याची खरी रीत ही आहे. आदर म्हणजे हार-तुरे नव्हेत. आदर म्हणजे काळजी.

कोणी म्हणेल, "तुम्ही जुन्याचें फार कौतुक करतां." तसें नाहीं. जुनें विमान अधिक इंधन जाळतें, म्हणजे हवेंत अधिक धूर सोडतें, हा त्याचा दोष आहेच. शिवाय या धंद्यांत चढउतारही मोठे आहेत. सांथीच्या काळांत उतारूंचीं विमानें बंद पडल्यामुळें मालवाहू विमानांना एकदम मागणी आली, आणि सर्वत्र रूपांतराची घाई सुटली. पुढें उतारूंचीं विमानें पुन्हां उडूं लागलीं. त्यांच्या पोटांतही पुष्कळ माल जातो. जगांतील सुमारें अर्धा हवाई माल तसाच जात असतो. तेव्हां मालाचे दर उतरले व घाईनें बदललेल्या विमानांपैकीं कांहींना काम मिळेना. मागाहून नवीं विमानें वेळेवर मिळेनात, म्हणून कंपन्या जुनींच अधिक काळ बाळगूं लागल्या. तात्पर्य, जुनें तेवढें सोनें नव्हे आणि नवें तेवढेंही सोनें नव्हे. कोणतें काम, किती भार, किती दिवस, आणि तपासणी कोणाची, हे चार प्रश्न विचारून मगच सोनें कीं पितळ तें ठरवावें.

आतां हे चार प्रश्न आपल्या गांवाला लावून पाहूं. मिरजोळ्याच्या पठारावर आपली धावपट्टी आहे. तेथें तटरक्षक दलाचा तळ आहे. उतारूंची ये-जा तेथून व्हावी म्हणून इमारतीचें काम सरकारनें हातीं घेतलें. शेजारच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यांत चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजीं उघडला. या विषयावर गांवांत बोलणें निघालें म्हणजे आम्ही लक्षपूर्वक ऐकतों. मुंबईस किती मिनिटांत पोंचतां येईल, तिकीट किती पडेल, कोणत्या दिवशीं विमान असेल, हें सर्व विचारतात. पण आमचा आंबा त्यांतून जाईल काय, आमची मासळी जाईल काय, हा प्रश्न आम्हीं क्वचितच ऐकला आहे. ज्या जिल्ह्याचें नांव जगांत फळामुळें पोंचलें, त्या जिल्ह्यानें विमानतळाकडे केवळ खुर्चीच्या दृष्टीनें पाहावें, हें आम्हांस चमत्कारिक वाटतें. मालाला कमी लेखण्याची जी खोड त्या मागच्या बाकावरच्या मुलाच्या तोंडून बाहेर पडली, तीच येथें मोठ्या माणसांत दिसते.

मोठें मालवाहू विमान उद्यां मिरजोळ्यास उतरेल, असें आम्ही सुचवीत नाहीं. आंब्याचा हंगाम दोन-अडीच महिन्यांचा. तेवढ्यासाठीं वर्षभर विमान पोसणें कोणास परवडणार नाहीं, हें वर सांगितलेल्या हिशेबावरूनच कळेल. परंतु उतारूंच्या लहान विमानाच्या पोटांतही कांहीं पेट्या जातात. आणि ज्या पेट्या रस्त्यानें वा आगगाडीनें मुंबईस जाऊन तेथून मोठ्या विमानांत चढावयाच्या, त्यांचीही तयारी येथेंच होऊं शकते. विमान हें साखळीचें शेवटचें कडें आहे. त्याआधीं थंड गोदाम पाहिजे, फळाची निवड व प्रतवारी पाहिजे, परदेशी नियमांप्रमाणें प्रक्रिया पाहिजे, आणि कागदपत्रें बिनचूक पाहिजेत. २००७ सालीं अमेरिकेनें आपल्या आंब्याला पुन्हां दार उघडलें, तें फळावर किरणांची प्रक्रिया करण्याच्या अटीवर. मे २०१४ पासून युरोपनें आपला आंबा बंद केला, तो विमान नव्हतें म्हणून नव्हे, तर फळांत माशीच्या अळ्या सांपडल्या म्हणून. सुधारणा झाल्यावर २०१५ सालीं ती बंदी उठली. २०१८ सालीं कोंकणच्या हापुसाला भौगोलिक मानांकन मिळालें. म्हणजे नांव मिळालें, दारही उघडलें. आतां राहिलें तें काळजीनें माल पोंचविण्याचें काम. तेव्हां विमानतळाच्या इमारतीविषयीं चौकशी करतांना उतारूंच्या दालनाबरोबर मालाच्या छपराचीही चौकशी नागरिकांनीं करावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. छप्पर मागाहून बांधूं म्हटलें म्हणजे तें मागेंच राहतें.

आमच्या जुन्या लोकांस हें सांगावें लागलें नसतें. ते आंबे घेऊन गलबतांतून व पुढें आगबोटींतून मुंबईस जात. फळीवर माणूस बसे आणि शेजारीं पेटी असे. कोणाचें भाडें पहिल्या वर्गाचें आणि कोणाचें शेवटच्या, हा भेद होता. पण पेटी पाण्यानें भिजली तर घरचें वर्ष भिजलें, हें सर्वांना ठाऊक होतें. मालाविषयींचा आदर त्यांना पोटानें शिकविला होता. आम्ही शाळेंत शिकलों आणि तो विसरलों, असें तर झालें नाहीं ना?

पालकांस आम्हांला एकच सांगावयाचें आहे. आपला मुलगा अथवा मुलगी वैमानिक व्हावी, अशी इच्छा आपण बाळगतां, ती उत्तम आहे. पण त्याच मुलानें उद्यां येऊन म्हटलें, "मला विमानाचे पत्रे तपासावयाचें शिकावयाचें आहे," किंवा "मला थंड गोदाम चालवावयाचें आहे," तर कपाळाला आंठी घालूं नका. आकाशांत दोन माणसें विमान चालवितात, तेव्हां जमिनीवर कित्येकांनीं त्याचा खिळान् खिळा पाहिलेला असतो. त्यांच्यापैकीं एकानें हयगय केली तर वर बसलेल्याचें कौशल्य फुकट जातें. परमेश्वरानें प्रत्येकाला निरनिराळा भार उचलण्याची शक्ति दिली आहे. लाज भार उचलण्याची नाहीं, तो टाकून देण्याची आहे.

आणि विद्यार्थ्यांनो, रात्रीं उशिरां अभ्यास करीत असतां कधीं आकाशांत उंचावर एखादा दिवा सरकतांना दिसला, तर तें कदाचित् असेंच एखादें जुनें विमान असेल. त्याच्या खिडक्या बंद आहेत, आंत कोणी झोपलेला उतारू नाहीं, आणि उतरल्यावर त्याला हार घालावयास कोणी येणार नाहीं. पण कोणाचें औषध, कोणाचीं पुस्तकें, कोणाच्या यंत्राचा मोडलेला भाग आणि हंगामांत कदाचित् तुमच्याच बागेंतील फळ घेऊन तें चाललें आहे. त्याच्याकडे पाहून 'हमाली' हा शब्द पुन्हां उच्चारून पाहा. आमची खात्री आहे कीं, या वेळीं वर्ग हसणार नाहीं.